पिंजऱ्यातील पंडित

मराठीत ‘पोपटपंची’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. अर्थ न समजता घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याला गुरुजी तो ऐकवितात. दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण वाचणाऱ्या पुढाऱ्याला वर्तमानपत्रे तोच बहाल करतात. शब्द उच्चारावयाचा, पण त्यामागे विचार असावयाचा नाही, अशा बोलण्याचे नाव पोपटपंची. या शब्दात विद्यार्थ्याची किंवा पुढाऱ्याची जेवढी निंदा आहे, तेवढीच, किंबहुना काकणभर अधिक, निंदा बिचाऱ्या पोपटाची आहे. हजारो वर्षे माणसाच्या घरात राहिलेल्या या पक्ष्यावर हा आरोप ठेवताना तो खरा आहे की नाही, याची रीतसर चौकशी करण्याची तसदी मात्र फार काळ कोणी घेतली नव्हती. ती चौकशी झाली विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत, अमेरिकेत. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता आफ्रिकेच्या जंगलातील करड्या जातीचा एक पोपट. त्या चौकशीची हकीकत सांगण्यापूर्वी आरोप कसा घडत गेला, हे पाहणे इष्ट होईल.

ज्यांनी जुने वाडे पाहिले असतील, त्यांना पडवीच्या आढ्याला टांगलेला पिंजरा आठवत असेल. भिजविलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि एखादी हिरवी मिरची यांवर पोसलेला राघू येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी. कोठे तो ‘विठू विठू’ म्हणे, माळव्यात कोठे ‘राम राम’ म्हणे. देवाचे नाव पोपटाला शिकविण्यामागे एक श्रद्धाही होती. पोपटाला रामनाम पढविता पढविता स्वतःच तरून गेलेल्या गणिकेची कथा कीर्तनांतून घरोघर पोहोचली होती. नाम घेणाऱ्या पक्ष्याला त्याचा अर्थ कळत होता किंवा नाही, हा प्रश्न त्या कथेत कोणी विचारीत नाही. तेथे महत्त्व आहे ते नामाला.

पोपटाला बोलावयास शिकविणे ही आपल्याकडे एक प्रतिष्ठित कला होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत शुक आणि सारिका यांना, म्हणजे पोपट आणि मैना यांना, बोलते करण्याची कला गणली आहे. सुखवस्तू नागरकाचा दिनक्रम सांगताना तोच ग्रंथकार भोजनोत्तर विरंगुळ्यात पोपट-मैनांशी बोलण्याला पहिले स्थान देतो. साहित्यात या पक्ष्यांची गर्दीच आहे. अमरूच्या शतकातील एका प्रसिद्ध श्लोकात, रात्री पतिपत्नींचे जे बोलणे झाले ते घरातील पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमक्ष म्हणू लागतो. लाजेने अर्धमेली झालेली ती नववधू कानातील माणकाचा खडा डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबते आणि त्याचे तोंड बंद करते. सातव्या शतकातील हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत पिंजऱ्यातून सुटलेली मैना नायिकेचे गुपित राजाच्या कानावर घालते. आणि ‘मृच्छकटिका’तील विदूषक वसंतसेनेच्या महालात फिरताना, दहीभाताने पोट भरून सूक्ते म्हणणाऱ्या ब्राह्मणाची उपमा पिंजऱ्यातील पोपटाला देतो. पोपटपंचीची थट्टा एवढी जुनी आहे. आणि तिचा रोख तेव्हाही पोपटापेक्षा माणसावरच अधिक होता.

परंतु याच परंपरेत पोपटाचे दुसरेही एक रूप आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजाच्या दरबारात आणते. पोपट उजवा पाय उचलून राजाचे स्तवन करतो आणि नंतर ती सारी गुंतागुंतीची कथा त्याच्याच तोंडून आपल्याला ऐकावयास मिळते. ‘शुकसप्तती’त परदेशी गेलेल्या व्यापाऱ्याचा पोपट त्याच्या तरुण पत्नीला रोज रात्री एक अशा सत्तर गोष्टी सांगून घराबाहेर पडण्यापासून परावृत्त करतो. या कथासंग्रहाचे नशीब थोर. इसवी सन १३३० च्या सुमारास जियाउद्दीन नख्शबी याने त्याला ‘तुतीनामा’ म्हणून फारसी रूप दिले. अकबराने त्याची चित्रे काढविली. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही दरबारातील गव्वासी कवीने १६३९ साली तेच आख्यान दखनीत पद्यबद्ध केले, आणि मराठीतही ते ‘शुकबहात्तरी’ या नावाने उतरले. मलिक महंमद जायसीच्या ‘पद्मावत’ काव्यातला (१५४०) हिरामण पोपट तर राजाला मार्ग दाखविणारा गुरूच आहे. असा एकीकडे नक्कल करणारा पोपट, दुसरीकडे शहाणपण सांगणारा पोपट. आपल्या पूर्वजांनी ही दोन्ही रूपे शेजारीशेजारी नांदविली. त्यांतले खरे कोणते, हे ठरविण्याची त्यांना गरज भासली नाही.

पश्चिमेकडे पोपटाचे नाव पोहोचले ते भारताच्या नावाबरोबरच. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास इराणच्या दरबारी वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने भारताविषयी ऐकीव माहितीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ‘बिट्टाकोस’ नावाच्या पक्ष्याचे वर्णन आहे. तो माणसासारखा हिंदी लोकांची भाषा बोलतो, आणि शिकविल्यास ग्रीकही बोलतो, असे क्टेसियस सांगतो. पुढे अलेक्झांडरची स्वारी झाली. त्याचा नौदलप्रमुख निआर्कस याने पोपट हे भारतातील एक आश्चर्य म्हणून नोंदविले. त्यानंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी इतिहासकार एरियन ही नोंद उद्धृत करतो, पण लगेच म्हणतो की, आपण स्वतः पुष्कळ पोपट पाहिले असल्याने त्यांचे वर्णन नवल म्हणून करीत नाही. तेवढ्या काळात भारतीय पोपट भूमध्य समुद्राकाठच्या श्रीमंत घरांत रुळून गेला होता. खांद्यावर लाल डाग असलेल्या आपल्या मोठ्या पहाडी पोपटाला आजही युरोपी भाषांत अलेक्झांडरचेच नाव आहे.

रोमन लोकांनी पोपटाचे लाड केले. ओव्हिडने प्रेयसीच्या मेलेल्या पोपटावर विलापिका लिहिली. स्टेशियसने आपल्या मित्राच्या पोपटाची आणि त्याच्या कासवाच्या पाठीच्या, रुप्याच्या आणि हस्तिदंताच्या पिंजऱ्याची आठवण कवितेत जपली. पण शिकविण्याची रोमन रीत मात्र कठोर होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने आपल्या ‘निसर्गेतिहासा’त या भारतीय पक्ष्याची माहिती दिली आहे. अंग हिरवे, गळ्याभोवती लाल कंठ. तो सम्राटांना अभिवादन करतो, ऐकलेले शब्द म्हणतो आणि मद्य पाजल्यास विशेष रंगात येतो. त्याचे डोके चोचीइतकेच टणक असल्यामुळे शिकविताना त्यावर लोखंडी कांबीने मारावे लागते, एरवी त्याला मार जाणवत नाही, असे प्लिनी निर्विकारपणे लिहितो. छडीवाचून विद्या येत नाही, हा समज केवळ मुलांपुरता नव्हता, असा याचा अर्थ. ही कांब लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढे जी चौकशी झाली, तिचा सारा भर शिकविण्याच्या पद्धतीवर होता.

पंधराव्या शतकात जगाचे दरवाजे उघडले आणि पोपटांच्या नव्या जाती युरोपात आल्या. कोलंबस १४९३ साली परतला तेव्हा त्याच्या मिरवणुकीत अमेरिकेतील पोपट होते. पोर्तुगीजांनी १५०० साली ब्राझीलचा किनारा गाठला. १५०२ च्या प्रसिद्ध पोर्तुगीज नकाशावर त्या भूमीची खूण म्हणून मोठे रंगीत पोपटच काढलेले दिसतात. व्हॅटिकनमधील एका अंगणाला ‘पोपटाचे अंगण’ असे नाव आहे. पोर्तुगीज गलबते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाऊ-येऊ लागली, तसतसा तेथील करड्या रंगाचा, लाल शेपटीचा पोपट युरोपातील घरांत शिरला. रंगाने तो साधा, पण बोलण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत रिचमंडच्या सरदारपत्नी फ्रान्सिस स्टुअर्ट हिच्या मेणाच्या पुतळ्याबरोबर तिचा पेंढा भरलेला करडा पोपट जपून ठेवला आहे. तो तिच्यासोबत चाळीस वर्षे राहिला आणि १७०२ साली ती वारल्यावर थोड्याच दिवसांत गेला, असे सांगतात.

पोपट घरोघर बोलू लागला, तसे तत्त्वज्ञांना त्याच्याकडे लक्ष देणे भाग पडले. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने १६३७ साली आपला निवाडा दिला. पोपट आपल्यासारखे शब्द उच्चारू शकतात. पण आपण जे बोलतो ते आपल्या विचारातून येते, हे दाखविता येईल असे ते बोलू शकत नाहीत, हा त्याचा मुद्दा. माणूस आणि यंत्र यांच्यातली सीमारेषा आखावयास त्याने पोपटाला साक्षीला बोलाविले आणि यंत्राच्या बाजूला उभे केले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक अधिक सावध होता. ब्राझीलमधील डच प्रांताचा अधिकारी प्रिन्स मॉरिस याच्यासमोर एका म्हाताऱ्या पोपटाने समर्पक प्रश्नोत्तरे केल्याची गोष्ट त्याच्या वाचनात आली होती. तू काय करतोस, असे विचारल्यावर आपण कोंबडीच्या पिलांची राखण करतो, असे त्या पोपटाने सांगितले म्हणे! लॉकने ही गोष्ट आपल्या ग्रंथाच्या १७०० च्या आवृत्तीत घातली आणि विचारले की, एखादा पोपट असा विचारपूर्वक बोलू लागला, तर त्याला माणूस म्हणावे काय? त्याचे उत्तर होते, नाही. त्याला विचारी पोपट म्हणावे. कल्पनेत का होईना, विचारी पोपटाला जागा ठेवणारा हा माणूस मोठ्या मनाचा म्हटला पाहिजे.

तथापि जग देकार्तच्या मागे गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत हंस नावाच्या घोड्याने मोठी खळबळ उडविली. तो बेरीज-वजाबाकी करून टापेने उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, उत्तर जवळ येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगात नकळत जो ताण येई, त्यावरून घोडा थांबत असे. मालक लबाड नव्हता आणि घोडा गणिती नव्हता. या प्रकरणापासून प्राण्यांच्या बुद्धीविषयी बोलणे हे विद्वानांत हास्यास्पद ठरू लागले. आपल्याकडे रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१८ साली ‘तोताकाहिनी’ ही उपरोधिक गोष्ट लिहिली. तिच्यातला राजा एका अडाणी पोपटाला शिक्षण देण्याचा हुकूम सोडतो. सोन्याचा पिंजरा घडविला जातो, पोथ्यांच्या राशी पडतात, आणि चोचीत कागद कोंबून कोंबून अखेर पोपट मरतो. गोष्ट शाळांविषयी होती. पण पोपटाला काही शिकवावयाचे असेल तर ते कसे, हा तिच्यातला प्रश्न पक्ष्याच्या बाबतीतही खरा होता.

आता त्या चौकशीकडे वळावयास हरकत नाही. आयरीन पेपरबर्ग या बाईंनी हार्वर्ड विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. पण त्यांचे मन प्राण्यांच्या संवादाकडे ओढले गेले. १९७७ च्या जून महिन्यात शिकागोजवळच्या एका पक्ष्यांच्या दुकानातून त्यांनी सुमारे वर्षभराचा एक करडा पोपट विकत घेतला. निवड त्यांनी स्वतः केली नाही. दुकानातल्या माणसाला कोणताही एक काढून द्यावयास सांगितले. हुशार पक्षी वेचून घेतला, असे उद्या कोणी म्हणू नये, ही त्यामागची दक्षता. त्याचे नाव ठेवले अ‍ॅलेक्स. पर्ड्यू विद्यापीठात काम सुरू झाले आणि पुढे तीस वर्षे ते निरनिराळ्या विद्यापीठांत चालले.

पेपरबर्गबाईंनी शिकविण्याची जुनी रीत बाजूला ठेवली. प्लिनीची कांब तर नव्हतीच. शब्द म्हटला की दाणा टाकावयाचा, ही नव्या प्रयोगशाळांची रीतही त्यांनी पत्करली नाही. त्यांची पद्धत अशी होती. दोन माणसे पोपटासमोर बसत. एक दुसऱ्याला वस्तू दाखवून विचारी, हे काय? दुसरा म्हणे, किल्ली. उत्तर बरोबर आले की ती किल्ली त्याला खेळावयास मिळे. चुकले की वस्तू नजरेआड होई. मग दोघे भूमिका बदलत. पोपट हे सारे टक लावून पाही. प्रश्न विचारणारा त्याचा शिक्षक आणि उत्तर देणारा त्याचा आदर्शही आणि प्रतिस्पर्धीही. लवकरच तोही या खेळात उतरे. बक्षीस म्हणून ज्या वस्तूचे नाव घेतले तीच वस्तू मिळे. त्यामुळे शब्द आणि वस्तू यांची गाठ त्याच्या मनात पक्की बसे. ज्या घरात चारचौघे आपापसांत अर्थपूर्ण बोलतात, त्या घरातले मूल बोलावयास शिकते. तोच हा मार्ग.

फळ काय मिळाले? अ‍ॅलेक्सने शंभराहून अधिक शब्द आत्मसात केले. सुमारे पन्नास वस्तू तो नावाने ओळखे. सात रंग, पाच आकार, सहापर्यंतच्या संख्या त्याला कळत. ताटात लाल-निळे ठोकळे आणि लाल-निळे लोकरीचे गोळे एकत्र ठेवून, निळे ठोकळे किती, असे विचारले तर तो मोजकी संख्या सांगे. दोन वस्तू दाखवून, यांत वेगळे काय, असे विचारले तर तो ‘रंग’, ‘आकार’ किंवा ‘पदार्थ’ असे उत्तर देई. काहीच वेगळे नसल्यास ‘काही नाही’ असे म्हणे. आता ‘रंग’ ही वस्तू नव्हे. ती अनेक वस्तूंतून काढलेली कल्पना आहे. पाचांपैकी सुमारे चार वेळा त्याची उत्तरे बरोबर येत. हंस घोड्याचे भूत मानगुटीवर बसू नये म्हणून प्रश्न आधी क्रमाशिवाय ठरवून ठेवले जात, आणि ज्याने धडा दिला तो परीक्षा घेत नसे.

काही प्रसंग तर शिक्षकांना विशेष वाटतील असे आहेत. एकदा ताटात दोन, तीन आणि सहा अशा तीन रंगांच्या वस्तूंचे गट होते. तीन वस्तू कोणत्या रंगाच्या, असा प्रश्न होता. अ‍ॅलेक्स मात्र ‘पाच’, ‘पाच’ म्हणत राहिला. परीक्षक चिडले, पाच वस्तूंचा गट ताटात नव्हताच. शेवटी त्यांनी विचारले, बरे, पाच कोणत्या रंगाचे? पोपट म्हणाला, ‘काहीच नाही.’ वस्तूंतील फरकासाठी शिकलेला हा शब्द त्याने संख्येच्या अभावासाठी आपणहून वापरला. यावरून शून्यासारखी काही जाणीव त्याला होती, असे २००५ सालच्या एका निबंधात मांडण्यात आले. ज्या देशाने जगाला शून्य दिले, त्या देशातील वाचकाला ही हकीकत विशेष गोड वाटावी. दुसऱ्या एका वेळी, प्रयोगाला मदत देणारी मंडळी पाहावयास आली असता, अ‍ॅलेक्सला अक्षरांचे उच्चार विचारणे चालले होते. प्रत्येक उत्तरानंतर तो अक्रोडाची मागणी करी आणि थोडे थांब, असे त्याला सांगितले जाई. अखेर त्याने इंग्रजीतल्या त्या शब्दाचे उच्चार सुटे सुटे करून, एकेक अक्षर ठासून, ती मागणी पुन्हा केली. शब्द फोडून म्हणण्याचा पाठ त्याला कोणी दिलेला नव्हता. सफरचंदाला तो ‘बॅनरी’ म्हणे. केळे आणि चेरी या दोन परिचित फळांच्या नावांची ती त्याने केलेली सांगड असावी. कंटाळा आला की आपल्याला परत जावयाचे आहे, असे सांगे, किंवा बरोबर उत्तर सोडून बाकीची सगळी उत्तरे ओळीने देत बसे. वर्गात असा विद्यार्थी ज्याने पाहिला नाही, तो शिक्षक विरळाच.

पेपरबर्गबाईंनी पोपटाला मानवी अर्थाने भाषा येते, असा दावा केला नाही. तो वाक्यांचे व्याकरण जाणत होता किंवा मनातले सारे सांगू शकत होता, असेही त्या म्हणाल्या नाहीत. शब्दांमागे कल्पना असू शकते, एवढेच त्यांनी दाखविले. तेवढ्यानेही देकार्तच्या निवाड्याला मोठे भगदाड पडले. ६ सप्टेंबर २००७ रोजी एकतीस वर्षांचा असताना अ‍ॅलेक्स अकस्मात मेला. आदल्या संध्याकाळी पिंजऱ्यात जाताना त्याने नेहमीप्रमाणे बाईंचा निरोप घेतला होता आणि त्या उद्या येणार ना, हे विचारून घेतले होते. त्याच्या मृत्यूची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. पक्ष्याच्या मृत्यूवर लेख लिहिण्याची प्रथा ओव्हिडपासूनची. पण या पक्ष्याची कीर्ती सौंदर्यावर नव्हे, त्याच्या उत्तरांवर उभी होती.

पोपट बोलतो तरी का? जंगलात तो आपल्या भाषेत कोणाची नक्कल करीत बसतो काय? या प्रश्नावरही पुढे प्रकाश पडला. व्हेनेझुएलातील छोट्या हिरव्या पोपटांत प्रत्येक पिलाला नावासारखी एक वेगळी हाक असते आणि ती त्याला आईबाप शिकवितात, असे २०११ साली दिसून आले. पोपट थव्याने राहणारा पक्षी. थव्यात ज्याला सगळ्यांसारखे बोलता येते तो आपला. पिंजऱ्यात एकटा पडलेला पोपट माणसाचे शब्द उचलतो, कारण आता तेच घर त्याचा थवा झालेले असते. २०१६ सालच्या एका संशोधनात पोपटाच्या लहानशा मेंदूत चेतापेशी विलक्षण दाटीने बसलेल्या आढळल्या. मकाव जातीच्या पोपटाच्या पुढच्या मेंदूत माकडापेक्षाही अधिक. २०२० साली करड्या पोपटांवरच्या एका प्रयोगात, ज्याला अक्रोड मिळवावयाचा होता त्याच्याजवळ देण्यास धातूची चकती नव्हती; शेजारच्या पोपटाने स्वतःला काही लाभ नसताना आपली चकती त्याला दिली.

येथे इतिहास वळण घेतो आणि प्रश्न पोपटाच्या बुद्धीवरून माणसाच्या वर्तनावर येतो. बोलणारे खेळणे आढ्याला टांगले, तर कोणाचे काही बिघडत नाही. पण विचार करणारा, सोबती ओळखणारा, कंटाळणारा जीव हातभर पिंजऱ्यात एकटा ठेवणे ही वेगळी गोष्ट झाली. करडा पोपट चांगल्या निगराणीत चाळीस ते साठ वर्षे जगतो. म्हणजे पाळणाऱ्याचे उरलेले आयुष्य तो व्यापतो आणि पुष्कळदा त्याच्यामागेही उरतो. रोज पिंजऱ्याबाहेर मोकळीक, कुरतडावयास लाकूड, फळे आणि भाज्या, दहाबारा तासांची शांत झोप, आणि सर्वांत मुख्य म्हणजे सोबत, एवढे त्याला हवे असते. ते न मिळाल्यास तो कर्कश ओरडतो, चावतो, आणि शेवटी आपल्याच अंगावरची पिसे चोचीने उपटीत बसतो. उघड्या पडलेल्या छातीचे असे पोपट पशुवैद्यांना ठाऊक असतात. प्लिनीच्या कांबेचे व्रण निदान बाहेरून दिसत तरी असतील. या एकांताची जखम पक्षी स्वतःच्या हाताने करून घेतो.

अ‍ॅलेक्सची कीर्ती त्याच्या जातभाईंना भोवली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण बोलक्या पोपटाच्या हौसेने त्यांची जंगले ओस पाडली, हे खरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दहा लाखांहून अधिक करडे पोपट आफ्रिकेतून बाहेर गेले. पकडताना आणि वाटेत मेलेल्यांची गणती त्यात नाही. घाना देशात १९९२ नंतरच्या सुमारे दोन दशकांत त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी योहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जंगलातील करड्या पोपटांच्या व्यापाराला बंदी केली. आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आज राघू असो वा पहाडी पोपट, कोणताही देशी पोपट पकडणे, विकणे किंवा घरात पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पुष्कळ सज्जन घरांना हे ठाऊक नसते. आजोबांच्या वेळेपासून चालत आले, म्हणून ते चालूच राहते. ढोलीतून काढलेली पिले चोरून विकली जातात, आणि रस्त्याकडेला भविष्याची चिठ्ठी काढणाऱ्या पोपटाला स्वतःचे भविष्य मात्र कोणी विचारीत नाही.

श्रीज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात एका पोपटाचा दृष्टांत दिला आहे. पारधी दोरीत पोकळ नळी ओवून ठेवतो. पोपट तिच्यावर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, आणि उलटा लोंबकळणारा तो पक्षी आपण बांधले गेलो, अशा समजुतीने नळी अधिकच घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते; सोडले तर तो उडून जाईल. जीवाच्या भ्रमावरचा हा दृष्टांत सातशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस ऐकत आला आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाची स्थिती मात्र याच्या उलट आहे. तो खरोखर बांधलेला आहे, आणि नळी घट्ट धरून बसला आहे तो पिंजऱ्याबाहेरचा माणूस. पोपटाला काही कळत नाही, ही समजूत म्हणजेच ती नळी. ती धरून ठेवण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

बोलणारा पोपट ऐकावयाचा असेल, तर त्यासाठी पिंजऱ्याची गरज नाही. गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत, संध्याकाळी वड-पिंपळावर उतरणारे हिरवे थवे आपल्या भाषेत मोठ्याने बोलत असतात. त्यात कोणाची हाक कोणासाठी आहे, हे अजून आपल्याला नीटसे उमगलेले नाही. अडीच हजार वर्षे त्यांना आपली भाषा शिकविण्याचा खटाटोप झाला. त्यांची भाषा शिकण्याचा आरंभ आता कोठे झाला आहे. पुढच्या खेपेला एखाद्या विद्यार्थ्याला ‘पोपटपंची’ हा शब्द ऐकविताना गुरुजींनी क्षणभर थांबावे. ज्याच्यासमोर केवळ शब्द टाकले गेले, तो शब्दच परत करील. ज्याला किल्ली हातात देऊन किल्ली म्हणावयास शिकविले, त्याने न शिकविलेले शून्यही ओळखले होते.